कोपराची गाठ, खांद्याचे दुखणे आणि शस्त्रक्रियेचा ताळेबंद

पेढीवर बसणाऱ्या माणसाचे कोपर हा त्याच्या व्यवसायाचा मूक साक्षीदार असतो. गादीवरील लोडाला टेकून, गल्ल्यावर हात ठेवून किंवा काउंटरच्या काचेवर भार देऊन तीस-चाळीस वर्षे काढली, की कोपराच्या टोकाची त्वचा जाड व काळसर होते आणि एखाद्या दिवशी तेथे लिंबाएवढी मऊ गाठ दिसू लागते. ती बहुधा दुखत नाही. सदऱ्याच्या बाहीआडूनही ती डोळ्यांत भरते, आणि म्हणूनच घरातील मंडळी अस्वस्थ होतात. कोणी ती चरबीची गाठ समजतो, कोणाच्या मनात त्याहून वाईट शंका येते. शेजारच्या दुकानदाराच्या मेहुण्याने अशीच गाठ काढून घेतली होती, ही माहितीही याच सुमारास हाती येते. आणि चार-आठ दिवसांत प्रश्न उभा राहतो, की ही कापून टाकावी काय?

या विकाराला वैद्यकशास्त्रात 'बर्सायटिस' म्हणतात. हाड आणि त्वचा, किंवा हाड आणि स्नायूची कंडरा, जेथे एकमेकांवर सतत सरकतात तेथे निसर्गाने वंगणाच्या चपट्या पिशव्या ठेवल्या आहेत. अशी प्रत्येक पिशवी म्हणजे एक 'बर्सा'. माणसाच्या शरीरात त्या सुमारे दीडशे असतात. निरोगी पिशवीत द्रव इतका थोडा असतो, की तिचे दोन पापुद्रे केवळ ओलसर राहून एकमेकांवर सरकतात. ती आहे हे माणसाला आयुष्यभर कळतही नाही. दाब, घर्षण, मार, जंतू किंवा युरिक आम्लाचे स्फटिक यांपैकी कशानेही तिला त्रास झाला, की तिचे अस्तर सुजते, ते अधिक द्रव पाझरू लागते आणि चपटी पिशवी फुगते.

'बर्सा' हा लॅटिन शब्द व्यापाऱ्यांना वाटतो तितका परका नाही. त्याचा अर्थ पिशवी, पैशाची थैली. इंग्रजीतील 'पर्स' त्याच कुळातला आणि फ्रेंच भाषेतील 'बोर्स'ही तोच. फ्रेंच माणूस थैलीला आणि रोखे-बाजाराला एकाच शब्दाने ओळखतो. मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील भारत डायमंड बोर्सच्या नावात जो शब्द आहे, तोच कोपराच्या या गाठीतही आहे.

युरोपात या विकाराची नावे धंद्यांवरून पडली. गुडघ्याच्या वाटीवरील पिशवी सुजली तर तिला 'मोलकरणीचा गुडघा' म्हणत, कारण फरशी पुसताना ती बाई पुढे झुकते आणि सारा भार वाटीवर येतो. पाद्री मात्र ताठ बसून गुडघे टेकतो, त्यामुळे भार वाटीच्या थोडा खाली पडतो. तेथील सुजेला 'पाद्र्याचा गुडघा' असे वेगळे नाव मिळाले. कठीण पाटावर बसून माग चालवणाऱ्यांच्या बैठकीच्या हाडाखालील सूज विणकरांच्या नावावर जमा झाली, आणि कोपराची सूज कधी विद्यार्थ्याच्या, तर कधी खाणकामगाराच्या नावावर. गादीवरच्या दुकानदाराचे नाव या यादीत नाही, एवढाच काय तो अन्याय. या नावांत निदानाचे अर्धे काम झालेले आहे. पिशवी का सुजली हे माणूस दिवसभर कसा बसतो यावरून बहुधा कळते, आणि ती बैठक बदलली नाही तर औषधही टिकत नाही.

म्हणून उपचाराची सुरुवात शस्त्रक्रियागृहापासून बरीच दूर होते. कोपरावर दाब येऊ न देणे, मऊ गादीचा कोपरपट्टा वापरणे, सुरुवातीच्या दिवसांत कापडात गुंडाळलेल्या बर्फाने शेकणे, सैलसर दाबपट्टी बांधणे आणि डॉक्टरांनी सांगितली तर थोडे दिवस वेदनाशामक औषध घेणे, एवढ्यावर बहुतेक साध्या गाठी काही आठवड्यांत ओसरतात. गाठ मोठी असली किंवा शंका आली तर डॉक्टर सुईने द्रव काढतात. रुग्णाला वाटते की गाठ रिकामी करणे हाच सुईचा हेतू आहे. पण डॉक्टरांच्या दृष्टीने त्या द्रवाची तपासणी अधिक मोलाची असते. तो फिकट पिवळा व स्वच्छ आहे की गढूळ, त्यात पांढऱ्या पेशी किती, जंतू आहेत काय, सूक्ष्मदर्शकाखाली युरिक आम्लाचे सुयांसारखे स्फटिक दिसतात काय, यावर पुढचा सगळा मार्ग ठरतो. रिकामी केलेली पिशवी पुन्हा भरणे ही नित्याची गोष्ट आहे. त्यात डॉक्टरांची चूक शोधण्याचे कारण नाही. वारंवार सुई टोचून घेण्याचा आग्रह मात्र धरू नये, कारण प्रत्येक टोचणीबरोबर जंतू आत जाण्याची थोडी शक्यता असते. स्टेरॉइडचे इंजेक्शन कोपराच्या टोकाला देताना अनुभवी डॉक्टर हात आखडता घेतात, तेही याच कारणाने. तेथील त्वचा आधीच पातळ; स्टेरॉइडने ती आणखी विरळ होते. मधुमेही रुग्णाची साखर अशा इंजेक्शननंतर काही दिवस चढलेली राहते, हे घरच्यांनी आधीच जाणून असावे.

येथपर्यंत घाई कशाचीच नाही. घाई करावी लागते ती गाठ लाल, गरम आणि ठसठसती झाली, तिच्याभोवतीची कातडी ताणून चकाकू लागली किंवा अंगात ताप आला तर. कोपर आणि गुडघ्याच्या पिशव्या त्वचेला अगदी लागून असल्याने खरचटलेल्या जागेतून, फाटलेल्या कातडीतून जंतू सहज आत शिरतात. असा संसर्ग बहुतांश वेळा 'स्टॅफिलोकॉकस ऑरियस' या आपल्या कातडीवरच वावरणाऱ्या जंतूचा असतो. मधुमेह असेल, मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ चालू असतील, तर तो झपाट्याने पसरतो. व्यापारी कुटुंबांत मधुमेह किती घरांत आहे हे वाचकांना सांगायला नको. अशा वेळी हळदीचा लेप, गरम विटेचा शेक, तेल लावून चोळणे किंवा घरच्या सुईने गाठ फोडणे हे निव्वळ धाडस ठरते. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, द्रव तपासणीला जावा आणि प्रतिजैविके सुरू व्हावीत. संसर्ग सौम्य असेल तर गोळ्यांवर भागते. ताप असेल किंवा साखर हाताबाहेर गेली असेल तर रुग्णालयात राहून शिरेतून औषध घ्यावे लागते.

आणि येथेच शस्त्रक्रियेची पहिली खरी जागा आहे. योग्य प्रतिजैविके देऊनही पू साठत राहिला, पिशवीत कप्पे पडून सुईने तो निघेनासा झाला, किंवा गाठ फुटून सतत वाहू लागली, तर ती उघडून स्वच्छ करणे वा संपूर्ण पिशवी काढून टाकणे हा उपचार टाळता येत नाही, टाळूही नये. दुसरी जागा अशा रुग्णांची, ज्यांची गाठ तीन ते सहा महिने नीट काळजी घेऊनही पुन:पुन्हा भरते, कामात अडथळा आणते किंवा जिच्या आत कठीण, खडबडीत गोळे तयार झाले आहेत. तिसरी जागा निदानाची. आपल्या देशात क्षयरोग फुप्फुसांपुरता मर्यादित नाही. मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्यावरील पिशवीत तो महिनोन्‌महिने गुपचूप घर करून राहिल्याची उदाहरणे अस्थिरोगाच्या पाठ्यपुस्तकांत आहेत. म्हणून काढलेली पिशवी फेकून न देता ती विकृतिशास्त्र प्रयोगशाळेत पाठवली गेली काय, हे नातेवाइकांनी विचारलेच पाहिजे. शस्त्रक्रियेच्या बिलापेक्षा तो अहवाल कधी कधी महत्त्वाचा ठरतो.

कोपराच्या गाठीची शस्त्रक्रिया मोठी नव्हे. हात बधिर करून किंवा पूर्ण भूल देऊन ती होते. पारंपरिक पद्धतीत त्वचेला छेद देऊन पिशवी शक्यतो अखंड सोडवून काढतात. दुर्बिणीच्या पद्धतीत दोन-तीन लहान छिद्रांतून ती आतून खरवडली जाते. अडचण नंतरची असते. कोपराच्या टोकाची कातडी पातळ, रक्तपुरवठा बेताचा आणि हात वाकवला की ती ताणली जाणार, त्यामुळे जखम भरायला वेळ लागणे, टाक्यांतून पाणी येणे, क्वचित नाडीव्रणासारखे छिद्र उरणे, असे प्रकार घडतात. दुर्बिणीच्या पद्धतीत छेद त्या नाजूक टोकापासून दूर असतो, हा तिचा फायदा. गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाल्यास वाटीच्या आसपासची कातडी कायमची बधिर राहू शकते, आणि ज्याला पुढे गुडघे टेकून बसायचे आहे त्याला तो व्रण खुपतो. सामायिक-प्रतिक्रमणात, वंदनेत ज्यांना रोज गुडघे जमिनीला लावायचे आहेत, त्यांनी ही गोष्ट शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांच्या कानावर घालावी.

आतापर्यंतची गाठ डोळ्यांना दिसणारी होती. खांद्याचे प्रकरण वेगळे आहे, आणि शस्त्रक्रियेचा खरा वादही तेथेच आहे. खांद्याच्या टोकाचे हाड एखाद्या छज्जासारखे पुढे आलेले असते. त्याच्या खाली एक मोठी बर्सा आणि तिच्याखाली हात उचलणाऱ्या स्नायूंच्या कंडरा, ज्यांना 'रोटेटर कफ' म्हणतात. वरच्या फळीवरचा कापडाचा तागा काढताना, कपाटावरचा डबा उतरवताना किंवा रात्री त्या कुशीवर झोपताना खांद्यातून कळ येते. सोनोग्राफी वा एमआरआयच्या अहवालात 'बर्सायटिस' हा शब्द छापून येतो, आणि कागदावर रोगाचे नाव दिसले की तो कापून काढण्याची इच्छाही मागोमाग येते. मधुमेहात खांदा आखडून जाण्याचा जो विकार होतो तो याहून निराळा, हेही येथे नमूद केले पाहिजे. त्यात दुसऱ्याने हात उचलून पाहिला तरी तो वर जात नाही.

१९७२ साली न्यूयॉर्कचे शल्यविशारद चार्ल्स नीअर यांनी मांडले की, छज्जाच्या खालच्या बाजूचे हाड कंडरांवर घासते आणि त्यातून हे दुखणे उद्भवते. तेव्हा हाडाचा तो भाग तासावा आणि सुजलेली पिशवी काढावी. विचार सरळ होता, चित्र काढून रुग्णाला पटवता येण्याजोगा होता. पुढे दुर्बीण आली आणि शस्त्रक्रिया सोपी झाली. एकट्या न्यूयॉर्क राज्यात अशा शस्त्रक्रिया १९९६ साली ५,५७१ झाल्या होत्या. २००६ साली त्यांची संख्या १९,७४३ वर गेली. दहा वर्षांत साडेतीन पट. एखाद्या कंपनीच्या उलाढालीत अशी वाढ दिसली तर सावध सावकार आधी नफा-तोट्याचे पत्रक मागतो. वैद्यकशास्त्राने ते पत्रक मागायला बराच उशीर केला.

ते शेवटी इंग्लंडमध्ये तयार झाले. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ३२ रुग्णालयांतील ३१३ रुग्णांची तपासणी २०१८ साली 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केली. हे सर्व रुग्ण निदान तीन महिने दुखण्याने त्रासलेले होते, व्यायाम व इंजेक्शन करून थकलेले होते आणि त्यांच्या कंडरा शाबूत होत्या. त्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट पाडले. पहिल्या गटाची नेहमीची शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या गटाला भूल दिली, खांद्याला छिद्रे पाडली, दुर्बीण आत घालून पाहिले आणि काहीही न कापता छिद्रे शिवून टाकली. तिसऱ्या गटावर कोणतीच शस्त्रक्रिया केली नाही. आपल्या वाट्याला खरी शस्त्रक्रिया येईल की नुसती दुर्बीण, हे आधीच्या दोन गटांतील रुग्णांना सांगितले जाणार नव्हते, आणि या अटीला सर्वांनी समजून-उमजून संमती दिली होती. त्या माणसांच्या या संमतीचे मोल संशोधकांच्या बुद्धीइतकेच मानावे लागेल.

सहा महिन्यांनी खांद्याची स्थिती ० ते ४८ गुणांच्या मापाने मोजण्यात आली. गुण जितके अधिक तितका खांदा चांगला. खऱ्या शस्त्रक्रियेच्या गटाचे सरासरी गुण ३२.७ आले. नुसती दुर्बीण घातलेल्यांचे ३४.२. काहीच न केलेल्यांचे २९.४. म्हणजे हाड तासून आणि पिशवी काढून जे साधले, ते काहीही न काढता तितकेच साधले होते. आकड्यांपुरते पाहिले तर किंचित अधिकच. शस्त्रक्रिया न झालेला गट थोडा मागे राहिला, परंतु तो फरक इतका लहान होता की रुग्णाच्या रोजच्या जगण्यात तो जाणवेल असे संशोधकांना वाटले नाही. त्याच वर्षी फिनलंडमधील २१० रुग्णांवरील अशाच तपासणीत, दोन वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, खरी शस्त्रक्रिया आणि नुसती दुर्बीण यांच्यात अर्थपूर्ण अंतर आढळले नाही. २०१९ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने नेमलेल्या तज्ज्ञांच्या मंडळाने या दुखण्यासाठी ही शस्त्रक्रिया करू नये, अशी ठाम शिफारस केली.

याचा अर्थ खांद्याची प्रत्येक शस्त्रक्रिया निरुपयोगी, असा कोणी काढला तर तो अन्याय होईल. जिना उतरताना किंवा दुचाकीवरून पडून कंडरा तुटली आणि हात उचलताच येईना, तर तो खांदा लवकर दाखवावा व गरज पडल्यास शिवून घ्यावा. अशा रुग्णांचा त्या तपासणीत समावेशच नव्हता. पिशवीत पू झाला असेल तर वर सांगितलेला नियम खांद्यालाही लागू पडतो. प्रश्न केवळ त्या मोठ्या मधल्या वर्गाचा आहे, ज्यांचा खांदा दुखतो, कंडरा शाबूत आहेत आणि अहवालात 'बर्सायटिस' लिहिले आहे. त्यांच्यासाठी नियमित, चिकाटीने केलेला व्यायाम आणि काळ हीच मुख्य औषधे आहेत. चिकाटी हा शब्द येथे महत्त्वाचा. फिजिओथेरपीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी 'फरक नाही' म्हणून सोडून देणाऱ्यांनी उपचार केला असे म्हणता येत नाही. तो किमान सहा ते बारा आठवडे करावा लागतो.

खांद्याच्या याच पिशवीचा सखोल अभ्यास करणारा एक जुना शल्यविशारद येथे आठवतो. अमेरिकेतील बोस्टनचे अर्नेस्ट कॉडमन यांनी १९०६ साली या बर्सावर लेख लिहिले आणि १९३४ साली खांद्यावर एक संपूर्ण ग्रंथच प्रसिद्ध केला. परंतु त्यांचे नाव आज अधिक घेतले जाते ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. त्यांचा आग्रह साधा होता. प्रत्येक रुग्णालयाने प्रत्येक रुग्णाचे खाते ठेवावे. उपचारानंतर निदान वर्षभराने त्याला पुन्हा गाठावे, तो बरा झाला काय ते पाहावे, आणि झाला नसेल तर का झाला नाही याची नोंद करावी. दिवाळीत चोपडीपूजन करणाऱ्या समाजाला यात काही विशेष वाटणार नाही. बोस्टनच्या प्रतिष्ठित डॉक्टरांना मात्र हा आपल्या अधिकारावर घाला वाटला. कॉडमन यांनी मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील पद सोडले. १९११ साली त्यांनी आपले छोटे रुग्णालय काढले होते. तेथून १९११ ते १९१६ या काळात घरी गेलेल्या ३३७ रुग्णांचे हिशेब त्यांनी छापून प्रसिद्ध केले, आणि त्यांत १२३ चुका स्वत:च दाखवून दिल्या. १९१५ च्या जानेवारीत त्यांनी वैद्यकीय सभेत एक व्यंगचित्र झळकावले: वाळूत डोके खुपसलेले शहामृग, आणि डॉक्टरांसाठी ते घालत असलेली सोन्याची अंडी. सभेत गदारोळ झाला, कॉडमन यांना अध्यक्षपद सोडावे लागले, व्यवसायही घसरला. १९४० साली ते वारले. त्यांनी मागितलेला तो हिशेब त्यांच्याच आवडत्या खांद्याच्या बाबतीत पुरा व्हायला आणखी पाऊण शतक लागले.

कंबरेच्या बाजूला, मांडीच्या वरच्या उंचवट्यावर दुखणे हे मध्यमवयीन स्त्रियांत वारंवार आढळते. त्यालाही पूर्वी सरसकट बर्सायटिस म्हणत. आता असे दिसून आले आहे की, बहुतेकांत पिशवी सुजलेली नसतेच. दुखते ती नितंबाच्या स्नायूची कंडरा. ऑस्ट्रेलियातील २०४ रुग्णांच्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत आठ आठवड्यांनी व्यायाम व बसण्या-उठण्याचे शिक्षण घेतलेल्यांपैकी शंभरात सुमारे ७७ जणांना स्पष्ट आराम वाटला, इंजेक्शन घेतलेल्यांत ५८ आणि नुसती वाट पाहणाऱ्यांत २९. एका पायावर भार देऊन कंबर मोडून उभे राहणे आणि पायावर पाय टाकून बसणे, या दोन सवयी सोडल्या तरी बरेच साधते. तेथे शस्त्रक्रियेचा विषय क्वचितच निघावा.

मग अनावश्यक शस्त्रक्रिया का होतात? प्रत्येक वेळी डॉक्टरांकडे बोट दाखवणे सोपे आहे. पण आरोग्यविम्याची रचना पाहिली तर दुसरे एक कारण दिसते. अनेक पॉलिसींत रुग्णालयात दाखल होऊन केलेला खर्च मिळतो. तपासणी शुल्क, फिजिओथेरपीच्या वीस फेऱ्या, कोपरपट्टा यांचा खर्च स्वत:च्या खिशातून जातो. म्हणजे स्वस्त व योग्य उपचार रोखीने, आणि महागडा उपचार कॅशलेस. कुटुंबप्रमुखाच्या मनात नकळत हिशेब मांडला जातो, की हप्ता भरतोच आहोत तर शस्त्रक्रिया करून मोकळे होऊ. हा हिशेब कच्चा आहे. दुकानापासून तुटलेले दिवस, भुलेचा धोका, मधुमेह्याची न भरणारी जखम आणि पुढील नूतनीकरणाच्या वेळी वाढू शकणारा हप्ता या रकमा त्यात धरलेल्याच नसतात. फिजिओथेरपीची पूर्ण फी भरूनही तो मार्ग बहुधा स्वस्त पडतो.

तपश्चर्येच्या दिवसांबद्दल दोन शब्द आवश्यक आहेत. उपवासात रक्तातील युरिक आम्ल वाढते, आणि ज्यांना पूर्वी गाउटचा त्रास झाला आहे त्यांचे कोपर किंवा अंगठा अठ्ठाईच्या आसपास अचानक सुजू शकतो. शाकाहारी घरात हा रोग येत नाही ही समजूत खरी नाही. अशी गाठ लाल व गरम असल्याने संसर्गासारखीच भासते, पण तिला शस्त्रक्रिया नको, युरिक आम्लावरचे औषध हवे. द्रवाच्या तपासणीशिवाय हा फरक नेहमी कळत नाही, आणि कधी कधी दोन्ही गोष्टी एकत्रही असतात. उपाशीपोटी वेदनाशामक गोळ्या घेतल्याने जठराला व्रण होतात. पाणीही न घेता केलेल्या चौविहार उपवासात त्याच गोळ्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात. ज्यांचा रात्रीचा चौविहार आहे त्यांनी प्रतिजैविक लिहून घेतानाच डॉक्टरांना तसे सांगावे, म्हणजे दिवसातून एकदा-दोनदा घेण्याजोगे औषध निवडता येते. न सांगता रात्रीची मात्रा परस्पर गाळणे हा संसर्ग बळावण्याचा सोपा मार्ग आहे.

शस्त्रक्रिया ठरलीच, तर विचारायचे ते लेखी विचारावे. द्रवाची तपासणी झाली काय आणि तिच्यात काय निघाले; न कापता कोणते उपचार किती आठवडे झाले; पिशवी पूर्ण काढणार की केवळ पू; साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी चाचणी किती आली आणि ती खाली आणण्यासाठी थांबता येईल काय. साध्या, संसर्ग नसलेल्या गाठीसाठी महिनाभर थांबल्याने काही बिघडत नाही, उलट साखर आटोक्यात आल्यावर जखम चांगली भरते. अशा गाठीसाठी दुसऱ्या अस्थिरोगतज्ज्ञाचे मत घेतल्याने पहिल्याचा अपमान होतो असे मानण्याचे कारण नाही. चांगले शल्यविशारद स्वत:च तसे सुचवतात.

शस्त्रक्रियेनंतर कोपर काही दिवस आधारपट्टीत ठेवतात, दहा ते चौदा दिवसांनी टाके निघतात, आणि मग हळूहळू हात वाकवण्याचे व्यायाम सुरू होतात. कोपरावर भार देणे मात्र कित्येक आठवडे वर्ज्य. आणखी एक गोष्ट रुग्णांना सहसा कोणी सांगत नाही. काढून टाकलेल्या पिशवीच्या जागी काही महिन्यांत शरीर आपोआप नवी पिशवी तयार करते, कारण हाडावर कातडी सरकण्यासाठी तिची गरज असते. ती नवी पिशवीही जुन्या काचेच्या काउंटरवर तितकाच भार सोसणार असेल, तर तिलाही सुजायला वेळ लागत नाही. म्हणून शस्त्रक्रियेच्या तारखेबरोबरच सुताराला बोलावून काउंटरच्या कडेला फोमची पट्टी बसवून घ्यावी, लोड अधिक मऊ कापसाचा करावा आणि हिशेब लिहिताना डाव्या कोपराऐवजी पाठीला टेका मिळेल अशी बैठक मांडावी.